अलिबागेस येणारे आणि अलिबागेत राहणारे



आपल्या समाजातील कोणी हिंदुस्थानची सफर करून परत आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अलिबागेस गेला होतात काय?" गेलो होतो असे उत्तर आले की लगेच दुसरा प्रश्न, "मग आपले तिकडे काय राहिले आहे?" याचे उत्तर मात्र माणसागणिक निराळे मिळते. एक म्हणतो, किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा नाही, इतकी गर्दी. दुसरा म्हणतो, इस्राएल आळीत आपले माणूस शोधावे लागते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. गाव माणसांनी भरले आणि आपल्या माणसांनी रिकामे झाले.

अलीकडे तिसरीही एक गोष्ट आमच्या कानांवर येऊ लागली आहे. आजोबा-पणजोबांच्या नावाने सातबाऱ्यावर राहून गेलेल्या चार-दोन गुंठ्यांसाठी तिकडचे दलाल इकडे लोद, अश्दोद, बेरशेबापर्यंत निरोप धाडतात. समुद्र जवळ आहे, भाव चांगला येईल, सही तेवढी करावी. सही करावी की न करावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. परंतु सही करण्यापूर्वी या किनाऱ्याचा थोडा इतिहास आठवावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे. बाहेरची माणसे आणि बाहेरचा पैसा या भागात आज प्रथमच येत आहे असे नाही. तो पूर्वी अनेकदा आला. तो कोणी आणला, कशासाठी आणला, आणि तो निघून गेल्यावर गावात मागे काय राहिले, हे पाहिले म्हणजे आज काय मागावे हेही कळते.

प्रथम जागेचा विचार करू. अलिबाग मुंबईच्या अगदी समोर आहे. गेटवेवरून मांडव्यास लाँच सुमारे तासाभरात पोचते. सडकेने जावे तर पनवेल-पेणचा वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास मजल पडते. गाव डोळ्यांना जवळ आणि पायांना दूर, अशी ही अडचण आहे. अलिबागेच्या भरभराटीची आणि उतरत्या काळाची अर्धीअधिक कहाणी या एका अडचणीत सामावलेली आहे. ज्या ज्या वेळी समुद्राची वाट सोपी झाली, त्या त्या वेळी माणसे आली. वाट बंद पडली की गाव आपल्या वाडीत गप्प बसून राहिले.

सर्वांत जुने नाव चौलचे. ग्रीक लोकांच्या प्रवासवर्णनांत या बंदराचा उल्लेख आहे. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून विकण्यासाठी चौलास उतरला. एवढ्या लांबून घोडा आणून तो विकला जाईल असा त्याला भरवसा होता, यावरून चौलच्या बाजाराची कल्पना करावी. पुढे पोर्तुगीज आले. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्यास कोट बांधला, आणि तो १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. आज त्या कोटात नारळी-पोफळीच्या बागा आहेत आणि बागांमधून पडक्या देवळांचे व चर्चचे अवशेष उभे आहेत. व्यापार मुंबईकडे वळला आणि चौलचे बंदर ओसरले. जगप्रसिद्ध बंदरातून गावाला मागे काय उरले, तर वाड्या, विहिरी आणि त्या राखणारी माणसे.

या बंदरांच्याच शेजारी, नवगावच्या किनाऱ्यावर, आपले पूर्वज आले. आपल्या परंपरेप्रमाणे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना नवगावास मूठमाती दिली. या माणसांना कोणी बोलाविले नव्हते. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, धर्मपुस्तकेही समुद्रात गेली होती. हाती एक कसब मात्र त्यांनी धरले, ते तेलाच्या घाण्याचे. घाण्याला बैल लागतो, लाकूड लागते, गावातले तीळ, खोबरे, करडई लागते. म्हणजे घाणा घालणारा मनुष्य गावाशी बांधला जातो. शेतकऱ्याचा माल तो घेतो आणि घरोघरी दिव्याला व फोडणीला तेल देतो. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी आपल्याला 'शनिवार तेली' हे नाव दिले. किहिमकर, नवगावकर, पेझारकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, पेणकर, दिवेकर ही आपली आडनावे म्हणजे या घाण्यांचा नकाशाच होय. किनाऱ्यावर बाहेरून पुष्कळ लोक आले, पण गावाचे नाव आपल्या नावापुढे लावून राहिले ते थोडे, आणि त्यांत आपण होतो.

अलिबाग हे शहर म्हणून उभे राहिले ते आंग्र्यांच्या काळात. कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करविले आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरे झाले. कान्होजी आंग्र्यांनी तेथे आपल्या आरमाराचे ठाणे केले. १७२० मध्ये किनाऱ्यावर हिराकोट बांधला, शेजारी पेठ वसविली, आणि 'अलिबागी रुपया' हे नाणे चालू झाले. आज ज्याला गुंतवणूक आकर्षित करणे म्हणतात, तेच हे काम होते. व्यापाऱ्याला काय हवे असते? माल सुरक्षित राहावा, नाणे खरे असावे आणि न्याय जवळ मिळावा. कान्होजींनी हे तिन्ही दिले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा त्यांना हात हलवीत परत जावे लागले. आपल्या लोकांपैकीही काहींनी आंग्र्यांच्या आरमारात चाकरी केली. कान्होजी १७२९ मध्ये अलिबागेतच वारले. त्यांची समाधी आजही गावात आहे आणि पाहुण्यांना दाखविली जाते.

अलिबाग या नावाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. अली नावाच्या एका धनिक मुसलमान गृहस्थाने येथे विहिरी खोदल्या, आंबा-नारळाच्या बागा लावल्या, म्हणून अलीची बाग ती अलिबाग. आपल्यातील काही लोक हा अली म्हणजे आपलाच कोणी एली होता असे सांगतात. तो कोणाचा होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हांला या कथेतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्या नावाने गाव ओळखले जाते त्याने गावात पाणी काढले आणि झाडे लावली. किल्ला त्याने बांधला नाही, लढाईही जिंकली नाही.

१८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. आरमार गेले, पण कचेऱ्या आल्या. पुढे कुलाबा जिल्हा झाला आणि अलिबाग त्याचे ठिकाण ठरले. १९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी मुख्य ठाणे अलिबागच राहिले. कचेऱ्यांमुळे वकील, कारकून, शिक्षक यांची वस्ती वाढली. आपल्या समाजाने १८४८ मध्ये 'मागेन आबोथ' ही मशीद उभी केली आणि १९१० मध्ये तिची नव्याने बांधणी केली. परंतु याच काळात आपली माणसे मुंबईची वाट धरू लागली. पलटण, गोदी, रेल्वे, इस्पितळे, गिरण्या यांनी पगार दिला, आणि गिरणीच्या व डब्याच्या तेलापुढे घाणा टिकेना. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हायेम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावात किहिम आहे, पण त्यांनी १८७५ साली शाळा काढली ती मुंबईस. यात त्यांचा दोष नाही, कारण माणसे जेथे होती तेथे शाळा निघाली. पैसा आणि विद्या मात्र खाडीपलीकडे गेली, हे नमूद केले पाहिजे.

गंमत अशी की एका संस्थेला अलिबाग आवडले ते तेथे काही नव्हते म्हणून. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. ट्राम विजेवर चालविण्याचे ठरल्यावर विजेच्या प्रवाहाने ती मोजणी बिघडणार हे उघड झाले. मग जवळच पण विजेपासून, रेल्वेपासून दूर असे गाव शोधण्यात आले. अशा रीतीने १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागेस आली. तिच्या इमारतीसाठी चुंबकाला न ओढणारे साहित्य निवडावे लागले. ती संस्था शंभरांहून अधिक वर्षे तेथे काम करीत आहे. गावाचे मागासलेपण हेही एखाद्या वेळी भांडवल ठरते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोणी नेगेवमध्ये दिवस काढले आहेत त्यांना समजावून सांगावयास नको.

आता समुद्राच्या वाटेकडे पुन्हा वळू. आगबोटी सुरू झाल्या तेव्हा रेवस आणि धरमतर ही अलिबागकरांची दारे झाली. मुंबईत नोकरी करणारे आपले लोक सणासाठी, लग्नासाठी, मलिद्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसत. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींत ही बोट असतेच. तिचा भोंगा असतो, वरच्या डेकची हवा असते आणि रेवसला उतरल्यावरचा तांगा असतो. पण या वाटेने किंमतही घेतली. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे निघाली. भर पावसाळा, अमावास्येचा दिवस, सणासाठी गावी जाणारी गर्दी. काशाच्या खडकाजवळ ती कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवस-अलिबाग भागात त्या दिवशी घरोघर रडारड झाली. यानंतर महिनाभरात देश स्वतंत्र झाला, म्हणून या दुःखाची बाहेर फारशी वाच्यता राहिली नाही. किनाऱ्यावरील लोक मात्र ते विसरलेले नाहीत. पाहुणे आणावयाचे असतील तर प्रथम वाट सुरक्षित पाहिजे, हा धडा त्या गावांनी असा शिकला.

जमिनीची कथा याहून कमी कठीण नाही. अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. खोताच्या वाट्याविरुद्ध तेथील कुळांनी १९३३ मध्ये शेती करण्याचे बंद केले आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३९ पर्यंत हा संप चालविला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. सहा वर्षे जमीन पडीक ठेवून, रानातली लाकडे विकून, उपाशीतापाशी राहून या आगरी कुटुंबांनी जमिनीवरचा हक्क मागितला. १९४८ च्या कूळकायद्यामागे अशा लढ्यांची पुण्याई आहे. त्याच तालुक्यातील शेतजमीन आज गुंठ्याच्या भावाने बंगल्यांसाठी विकली जाते. विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण या गरजा भातशेतीतून भागत नाहीत. तरी आजोबांनी सहा वर्षे उपाशी राहून मिळविलेली जमीन नातवाने विकावी, आणि पुढे त्याच जमिनीवरच्या बंगल्यात माळी म्हणून कामास जावे, हे पाहून कोणालाही वाईट वाटेल.

कारखानेही आले. आपल्या नवगावच्या शेजारी थळ-वायशेत येथे १९८५ साली सरकारी खत कारखाना सुरू झाला. मुंबईजवळच्या समुद्रातील वायू त्याला पुरविला जातो. कुरूळ येथे त्याची वसाहत झाली, तालुक्यातील पुष्कळ घरांत पगार येऊ लागला. जमीन गेलेल्यांच्या तक्रारीही झाल्या. पुढे पेण तालुक्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची योजना निघाली, तेव्हा लोक अधिक सावध झाले होते. २००८ च्या सप्टेंबरात तेथील २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले आणि ती योजना अखेर बारगळली. पैसा येतो आहे म्हणून हात जोडून उभे राहण्याचे दिवस संपले, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आजचा मुख्य धंदा पर्यटनाचा आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा समुद्रावरील सुमारे २२ किलोमीटरचा पूल खुला झाला आणि सडकेचा वळसाही आखूड झाला. चारशे वर्षांची जी अडचण आम्ही आरंभी सांगितली, ती आता बरीचशी सुटली आहे. पण वाट सुटली की सगळे प्रश्न सुटतात असे नाही. शनिवार-रविवारी अलिबागेत गाडी उभी करावयास जागा मिळत नाही. ज्या गावात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना लोक त्या वारानेच ओळखीत, तेथे आज शनिवार हाच सर्वांत धांदलीचा दिवस झाला आहे! पाहुणे दोन दिवस पाणी वापरतात, कचरा टाकतात आणि निघून जातात. पाणी आणि कचरा नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतींच्या गळ्यात उरतो. १९९१ साली केंद्र सरकारने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावर बंगले उठलेच. २०१९ च्या मार्चमध्ये किहिमचा एक मोठा बंगला सरकारला सुरुंग लावून पाडावा लागला. याच किहिममध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. त्या पाखरांनी बांधलेल्या घरांबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मग पर्यटन वाईट काय? मुळीच नाही. ओहोटीच्या वेळी पाहुण्यांना कुलाबा किल्ल्यात नेणारा घोडागाडीवाला, घरच्या खोल्या भाड्याने देऊन जेवण करून घालणारी नागावची गृहिणी, पांढऱ्या कांद्याच्या माळा विकणारी शेतकरीण, थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भरून पोपटी लावणारे तरुण, या सर्वांच्या हाती पाहुण्याचा पैसा सरळ पडतो. हा पैसा गावातच फिरतो. घाण्याचे जे तत्त्व होते तेच येथे आहे. गावात पिकलेल्या वस्तूवर गावातल्या हाताने कसब चालवावे आणि त्याचे मोल घ्यावे. बाहेरच्या मालकाचे कुंपण, बाहेरून आणलेली भाजी आणि बाहेरचाच आचारी असेल, तर गावाला त्यात पहारेकऱ्याची नोकरी तेवढी मिळते.

आता आपल्या स्वतःविषयी. आपणही आज अलिबागेचे पर्यटकच आहोत. मुंबईहून सकाळी गाडी करावयाची, मागेन आबोथपुढे छायाचित्र घ्यावयाचे, खंडाळ्यास एलियाहू हन्नाबीच्या टप्प्यावर मलिदा करावयाचा, नवगावच्या कबरस्तानात उभे राहून काद्दिश म्हणावयाचे आणि रात्री मुंबईच्या हॉटेलात परत. हे पुण्य आहे, पण गावाला त्यातून काय मिळाले? आमची सूचना अगदी साधी आहे. एक रात्र गावात राहावे. जेवण गावातल्या घरी करावे, नारळ, पोहे, गूळ, खजूर मलिद्यासाठी तेथल्याच दुकानातून घ्यावे, वाटाड्या तेथलाच घ्यावा. तिकडे थोडी जी आपली कुटुंबे राहून मशिदीचे दिवे लावीत आहेत, त्यांच्याकडे आधी निरोप पाठवून जावे. तुमच्या मंडळीत दहा पुरुष असतील तर शब्बाथला त्यांचे मिन्यान पुरे होते. याहून मोठी देणगी तुम्ही त्यांना देऊ शकणार नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोकणात आपली कबरस्ताने गावोगाव विखुरलेली आहेत. पुष्कळ ठिकाणी तेथे जावयाची वाट शेजारच्याच्या बांधावरून जाते. शेजारी आपला होता, निदान ओळखीचा होता, तोवर कागदाची गरज पडली नाही. जमीन बाहेरच्याला विकली की कुंपण पडते आणि बांधावरची वाट बुजते. म्हणून ज्यांना वडिलोपार्जित जमीन विकावयाची असेल त्यांनी खरेदीखतात कबरस्तानाची वाट, विहिरीची वाट स्पष्ट लिहवून घ्यावी. कागदावर परक्या भाषेत काय आहे ते वकिलाकडून समजून घ्यावे, सर्व भावाबहिणींना विचारावे आणि मगच सही करावी. दोन ओळी लिहवून घेण्यास खर्च पडत नाही. न लिहविल्यास मात्र आपल्या नातवांना पणजोबांच्या कबरीपर्यंत पोचता येणार नाही.

आमच्यापैकी अनेकांनी अश्दोद वाढताना पाहिले. १९५६ साली जेथे वाळू होती तेथे १९६५ मध्ये बंदर सुरू झाले आणि आज मोठे शहर आहे. सरकारने ठरविले, पैसा ओतला, माणसे आणून वसविली. अलिबागेची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे माणसे आधीपासून होती. तेथे कोणाला आणून वसवावयाचे नाही, जे आहेत त्यांना राहता यावे एवढेच पाहावयाचे आहे. नगरपालिकेने पाहुण्यांसाठी जाहिरातीचे फलक लावावेत, त्याला आमची हरकत नाही. पण त्याआधी तिने अलीकडून काय शिकावयाचे ते शिकावे, म्हणजे प्रथम विहीर, मग बाग, आणि मग पाहुणा.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याजवळ जुने सातबारा उतारे, आगबोटीच्या प्रवासाच्या आठवणी, घाण्याच्या जागेची माहिती अथवा कबरस्तानाच्या वाटेचे हातनकाशे असतील, त्यांनी ते आपल्या मुलांना दाखवून ठेवावेत, आणि शक्य असल्यास एक प्रत आमच्याकडे पाठवावी. ज्या गावाने आपल्याला समुद्रातून वर घेतले, त्या गावाची वाट आपल्याकडून बुजू नये. एलियाहू हन्नाबी सर्वांच्या प्रवासात सोबत असो.